रेस कारसाठी बॅटरी कट-ऑफ : सहा टर्मिनलचा चावीवाला की सॉलिड स्टेट?

तिसरा गिअर
मंडळी, सल्ला हवाय. हॅचबॅकवर बांधलेली, बंद बॉडीची ट्रॅक कार हाती आली आहे. पेट्रोल, फ्युएल इंजेक्शन, अल्टरनेटर मूळचाच. बॅटरी मागे नेऊन सीटच्या पाठीमागे फ्लोअरवर बसवलेली आहे. आणीबाणीत गाडीची सगळी वीज तोडण्यासाठी (हाच कट-ऑफ किंवा मास्टर स्विच) आधीच्या मालकाने डॅशवर लाल चावीचा, दोन टर्मिनलचा साधा स्विच लावलाय. इंजिन बंद असताना फिरवला की सगळं गुडुप. इंजिन चालू असताना फिरवला तर इंजिन चालूच राहतं, दिवेही चालू. चावी काढून हातात घेतली तरी गाडीला त्याचं सोयरसुतक नाही.

स्विच बदलायचा हे नक्की. आता सहा टर्मिनलवाला घ्यायचा की सरळ सॉलिड स्टेट आयसोलेटर (हलत्या संपर्कांऐवजी इलेक्ट्रॉनिक्सने बॅटरी तोडणारा डबा), यावर अडलोय. सर्किटवर चालवणार, पुढेमागे हिलक्लाइंबही (चढाच्या रस्त्यावरची शर्यत). स्वस्तात उरकायचं असा हट्ट नाही, पण उगाच मिरवण्यासाठीही काही लावायचं नाही.

नटबोल्ट
आधी ज्या स्पर्धेत उतरणार तिचं नियमपुस्तक उघडा, कॅटलॉग नंतर. सर्किट आणि हिलक्लाइंबला बहुतेक ठिकाणी एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) अपेंडिक्स जे, कलम २५३ चाच आधार घेतलेला असतो. त्यात म्हटलंय की कट-ऑफने बॅटरी, अल्टरनेटर, दिवे, हॉर्न, इग्निशन, सगळे विद्युत कंट्रोल तुटले पाहिजेत आणि इंजिनही बंद पडलं पाहिजे. स्विच ठिणगी बाहेर न पडणारा हवा, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून चालवता आला पाहिजे. बंद गाडीत बाहेरचा ट्रिगर विंडस्क्रीनच्या खांबाच्या पायथ्याशी. खूण म्हणजे पांढऱ्या काठाच्या निळ्या त्रिकोणात लाल वीज, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर.

तुमचा सध्याचा स्विच यात कुठेच बसत नाही. बाहेरचा ट्रिगर तरी आहे का?

तिसरा गिअर
नाही. बाहेर फक्त स्टिकर आहे. :)

लालबत्ती
सॉलिड स्टेट घ्या, धागा बंद करा. कारटेक, आर्मटेक वगैरेंचे आयसोलेटर कित्येक गाड्यांत आहेत. आत एक बटण, बाहेर एक बटण, दोन्हीकडे बारीक तारा. जाड केबल डॅशपर्यंत आणायची गरजच नाही. डबा बॅटरीच्या शेजारी.

उघडी तार
लालबत्ती, एवढ्यात बंद नका करू. धागाकर्त्याचं इंजिन का बंद पडत नाही हे आधी समजून घेऊ, नाहीतर सॉलिड स्टेट लावूनही ते बंद पडेलच असं नाही.

अल्टरनेटर एकदा फिरायला लागला आणि चार्ज करू लागला की इग्निशन, पंप, इंजेक्टर आणि स्वतःची फील्ड (रोटरला चुंबक बनवणारी कॉइल), सगळ्यांना तोच पोसतो. दोन टर्मिनलचा स्विच फक्त बॅटरी बाजूला काढतो. बाकीचं कुटुंब अल्टरनेटरच्या जिवावर मजेत चालू राहतं. म्हणून सहा टर्मिनल. दोन जाड खुंट्या मुख्य करंटसाठी आणि चार छोटी टर्मिनलं, म्हणजे छोट्या संपर्कांच्या दोन जोड्या. आकृत्यांमध्ये त्यांना बहुधा डब्ल्यू आणि झेड म्हणतात. डब्ल्यू जोडी स्विच चालू असताना जुळलेली असते, इग्निशनचा फीड तिच्यातून न्यायचा. चावी फिरवली की मुख्य संपर्क आणि इग्निशन एकदम तुटतात, इंजिन मरतं. झेड जोडी उलटी, स्विच बंद झाल्यावर जुळणारी. ती अल्टरनेटरची बाजू एका ३ ओहम, ११ वॅटच्या रेझिस्टरमधून अर्थला जोडते.

हा रेझिस्टर कशासाठी? समजा अल्टरनेटर ४० अँपिअर बॅटरीत ओततोय आणि त्याच क्षणी तुम्ही बॅटरी तोडलीत. त्या ४० अँपिअरना जायला वाट नाही. रेग्युलेटरने फील्ड सोडली तरी रोटरचं चुंबकीय क्षेत्र लगेच उतरत नाही, आणि ते उतरेपर्यंत व्होल्टेज वर चढतं. यालाच लोड डम्प म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी, अल्टरनेटरमध्ये आतून दाबायची सोय नसेल तर, हा धक्का ७९ ते १०१ व्होल्टचा आणि ४० ते ४०० मिलिसेकंदांचा धरलाय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), डॅश, लॉगर (डेटा नोंदवणारा डबा) यांच्यासाठी ही गंमत नव्हे.

आता त्या रेझिस्टरबद्दल थोडं कडू बोलतो. १४ व्होल्टला ३ ओहममधून पावणेपाच अँपिअर जातात. तेवढ्यावरच त्याच्यात ६५ वॅटची उष्णता, म्हणजे ११ वॅटचा रेझिस्टर क्षणभरासाठीच तिथे आहे. आणि ४० अँपिअर त्यातून जबरदस्तीने घालायचे तर गणिताने १२० व्होल्ट लागतील! तेव्हा मोठा डम्प तो एकटा गिळणार नाही. इंजिन आणि अल्टरनेटर उतरणीला लागल्यावर उरलेला करंट रिचवायला तो ठीक. लावा, पण त्याच्यावर सगळी भिस्त नको.

तिसरा गिअर
जबरदस्त. वाचनखुणांत टाकलं. मग एक भाबडा प्रश्न : अल्टरनेटरची जाड तार स्विचच्या बॅटरीकडच्या खुंटीला जोडली तर? बॅटरी आणि अल्टरनेटर कायम एकत्र, डम्पचा प्रश्नच नाही. स्विच बंद केला की दोघेही गाडीपासून तुटले, इंजिन बंद. मग दोन टर्मिनलचाच पुरेल की?

नटबोल्ट
अशा गाड्या आहेत आणि चालतात. इग्निशन मात्र स्विचच्या पलीकडच्या बाजूनेच घेतलेलं हवं. ईसीयूला धक्का नाही, रेझिस्टर नाही, दोरे-तारांचा गुंता नाही. बॅटरीजवळ त्या तारेवर मोठा फ्यूज टाका, झालं.

उघडी तार
इथे माझा ठाम विरोध नोंदवून ठेवा.

धागाकर्त्याची बॅटरी मागे आहे आणि अल्टरनेटर पुढे. म्हणजे स्विच बंद केल्यावरही सीटमागून निघून टनेलमधून थेट इंजिनपर्यंत जाणारी एक जाड तार जिवंत राहणार. समोरून धडक झाली तर पहिलं काय चेंगरणार? रेडिएटर, बेल्टची बाजू, आणि बहुतेक गाड्यांत तिथेच अल्टरनेटर. मार्शलने (ट्रॅकवरच्या बचाव कर्मचाऱ्याने) बाहेरून ट्रिगर ओढला, त्याला वाटलं गाडी मेली, आणि फाटलेल्या इंधनाच्या पाइपाशेजारी ती तार बॉडीला चाटतेय. शंभर अँपिअरच्या वरचा फ्यूज पूर्ण शॉर्ट झाला तर उडेल, पण अधूनमधून ठिणग्या पाडणाऱ्या स्पर्शाला तो उडेलच असं नाही. नियमात अल्टरनेटरचं नाव मुद्दाम घातलंय ते यासाठीच.

बॅटरी, स्विच आणि अल्टरनेटर तिन्ही इंजिन बेमध्ये वीतभर अंतरावर असते तर धोका कमी असता. तरी नियमात बसलं नसतंच.

नटबोल्ट
मान्य. मी पुढे बॅटरी असलेल्या गाड्या डोळ्यासमोर ठेवून बोललो. मागच्या बॅटरीला हा मार्ग नको.

चिखलवाट
मध्येच एक शंका. निगेटिव्ह तोडला तर? केबल छोटी, स्विच सोपा.

उघडी तार
त्याने तर इंजिन अजिबात बंद पडणार नाही. अल्टरनेटरची बॉडी इंजिनला जोडलेली, इंजिन शेलला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. बॅटरीचा निगेटिव्ह सुटला तरी अल्टरनेटर ते ईसीयू हे वर्तुळ पूर्णच आहे. वर लोड डम्प फुकट. गॅरेजमध्ये उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून ठीक, रेस कारचा कट-ऑफ म्हणून नाही.

पाव मैल
ड्रॅगवाल्यांची हजेरी. आमच्याकडचं पुस्तक वेगळं आहे, म्हणून नटबोल्ट यांच्या पहिल्या वाक्याला +१००. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात स्विच गाडीच्या अगदी मागच्या भागात, बाहेरून हाताला येईल असा, पॉझिटिव्ह बाजूलाच. ढकल-ओढ प्रकारचा असेल तर ढकलल्यावर बंद झाला पाहिजे. चालवायचा रॉड किंवा केबल किमान १/८ इंच जाड. आणि सर्वांत मजेशीर म्हणजे प्लॅस्टिकचे आणि चावीचे स्विच चालतच नाहीत. म्हणजे तुम्हा सर्किटवाल्यांची ती लाडकी लाल चावी आमच्या तपासणीत पहिल्या मिनिटाला बाद.

दोन्ही प्रकारांत एकच गाडी उतरवायची असेल तर आधीच विचार करा. नंतर केबल ओढत बसणं वैतागाचं काम आहे.

फॉर्म्युलावाली
विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांचं अजून निराळं. फॉर्म्युला एसएईच्या नियमात मुख्य मास्टर स्विच थेट कृती करणारा लागतो, मध्ये रिले किंवा लॉजिक चालत नाही. जागा उजव्या बाजूला, मेन हूपजवळ (ड्रायव्हरमागची रोल-बारची कमान), ड्रायव्हरच्या खांद्याच्या उंचीवर. शिवाय कॉकपिटमध्ये वेगळं किल बटण. तेव्हा लालबत्तींचा सॉलिड स्टेट डबा तिथे तपासणीच्या टेबलावरच अडतो. कॉलेजच्या टीममधलं कोणी हा धागा वाचत असेल तर लक्षात ठेवा, सर्किट रेसिंगमध्ये चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं नाही.

लालबत्ती
ठीक, पण धागाकर्ता ना ड्रॅगमध्ये आहे ना कॉलेजात. मी सॉलिड स्टेट का म्हटलं ते सांगतो. त्यातल्या चांगल्या डब्यांत बटण दाबलं की आधी इंजिन मारण्याचं आउटपुट जातं आणि किंचित वेळाने बॅटरी तुटते. म्हणजे अल्टरनेटर थंडावेपर्यंत बॅटरी लाइनवर असतेच, तोच धक्का खाते. उघडी तार यांचा सगळा लोड डम्पचा अध्याय इथे मिटतो. दुसरं, आत हलणारे संपर्क नाहीत, मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत. ट्रॅकच्या कडेच्या केर्बवर आपटून आपटून स्विचमधली पितळी पट्टी सैल होते, इथे सैल व्हायला काहीच नाही.

उघडी तार
लोड डम्पसाठी तो क्रम उत्तमच, वाद नाही. फक्त ते इंजिन-किलचं आउटपुट प्रत्यक्षात जोडायला हवं! मॅन्युअलमधली ती एक तार लोक सोडून देतात, कारण तिच्याशिवायही डॅश अंधारतो. आउटपुट इग्निशनच्या फीडमध्ये जातंय की ईसीयूच्या इनपुटला, हे आपापल्या वायरिंगप्रमाणे ठरवा.

आणि तीन गोष्टी विकत घेण्याआधी तपासा. एक, बटणाचं सर्किट उघडल्यावर गाडी मरते की जुळल्यावर? जुळल्यावर मरणारं असेल आणि धडकेत ती बारीक तार तुटली तर बाहेरचं बटण नुसतं शोभेचं. म्हणून दोन बटणांच्या तारा वेगवेगळ्या वाटेने न्या, दोन्ही एकाच फेंडरमधून नकोत. दोन, मॉस्फेट जळला तर बहुतेकदा शॉर्ट होऊन जळतो, म्हणजे ‘चालू’ अवस्थेत अडकतो. दर स्पर्धेआधी कट-ऑफ प्रत्यक्ष चालवून पाहण्याला पर्याय नाही. तीन, बंद असतानाही डबा स्वतः थोडा करंट खातो. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरीची केबलच काढून ठेवा.

नटबोल्ट
यात चौथा प्रकार राहिला, काँटॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा मोठा रिले. तो घेतलाच तर सतत चालू राहण्यासाठी बनवलेला घ्या. स्टार्टरचा सोलेनॉइड आयसोलेटर म्हणून लावू नये, त्याची कॉइल काही सेकंदांसाठीच असते, तापून जाते. शिवाय थंड इंजिनला क्रँक करताना व्होल्टेज खाली गेलं की काँटॅक्टर सुटतो आणि खटखट करत बसतो. मला हा प्रकार छोट्या गाडीत पटत नाही.

तिसरा गिअर
अँपिअरचं काय बघायचं? एका स्विचवर १०० अँपिअर लिहिलंय, माझा स्टार्टर त्याहून जास्त ओढत असणार.

मल्टीमीटर
तो आकडा सतत वाहणाऱ्या करंटचा. त्याच्या शेजारी क्षणिक क्षमता दिलेली असते, उदाहरणार्थ ५०० अँपिअर ५ सेकंद. स्टार्टर त्या दुसऱ्या आकड्यात बसला पाहिजे आणि पंखे, पंप, दिवे मिळून पहिल्यात. जिथे एकच आकडा छापलाय आणि तो कशाचा ते सांगितलेलं नाही, तो स्विच मी हातात घेत नाही.

पण छापलेल्या आकड्यापेक्षा मोजलेला खरा. क्रँक करताना मीटरची दोन टोकं स्विचच्या दोन जाड खुंट्यांवर ठेवा. २०० अँपिअर जात असताना स्विचचा रोध १ मिलिओहम असेल तर ०.२ व्होल्ट दिसेल. तिथे अर्धा व्होल्ट दिसला तर त्या डबीत १०० वॅट जळताहेत. संपर्क काळवंडलेत किंवा नट सैल आहे. अगोदर नट बघा, बहुतेक वेळा तोच असतो.

मग केबल. ३५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध मीटरला साधारण अर्धा मिलिओहम. मागून स्विचपर्यंत आणि तिथून पुढे अशी ५ मीटर झाली तर अडीच मिलिओहम, २०० अँपिअरला अर्धा व्होल्ट गेला. स्विच डॅशवर आणण्यासाठी केबल फिरवून फिरवून लांबवली की हा आकडा वाढत जातो. मागे बॅटरी असलेल्या गाडीत बॅटरीजवळचा डबा किंवा ओढकेबलवर चालणारा यांत्रिक स्विच मला म्हणून बरा वाटतो. लांब जाड तार जितकी कमी, तितकं जिवंत तांबं कमी.

आणि केबलच्या टोकाचे लग हातोडीने ठोकून बसवू नका प्लीज. योग्य डायने दाबून घ्या.

चिखलवाट
रॅलीवाल्यांसाठी भर : ओढकेबलला एकही कडक वळण नको आणि बाहेरच्या टोकाची टी-मूठ पावसात, चिखलात भरून जाम होते. काउलवर (विंडस्क्रीनच्या खालच्या पत्र्यावर) थेट बसवलेल्या चावीच्या स्विचमध्ये पाणी उतरतं ते वेगळंच. रबरी टोपी लावा, आणि पाण्यापासून संरक्षणाची रेटिंग बघूनच घ्या. आमच्याकडे धुतल्यानंतर प्रत्येक वेळी मूठ ओढून बघायची पद्धत आहे.

डिझेलवाले कोणी असतील तर : जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनाला वीज तोडल्याचं काही वाटत नाही. त्याला हवा किंवा इंधन बंद करणारं काहीतरी कट-ऑफला जोडावं लागतं.

फॉर्म्युलावाली
जागेबद्दल कोणी बोललं नाही. सीटमध्ये बसून, बेल्ट खेचून आवळून, हेल्मेट आणि हान्स (मान वाचवणारा पट्टा) घालून, स्टिअरिंग जागेवर असताना हात पोचतो का? खांद्याचे पट्टे घट्ट झाल्यावर जवळ वाटणारा डॅशही हाताला येत नाही. वायरिंग करायच्या आधी कार्डबोर्डचं बटण चिकटवून बघा, डाव्या हाताने आणि उजव्यानेही.

आणि गिअर बदलताना किंवा उतरताना कोपर लागेल अशा ठिकाणीही नको. भर कॉर्नरमध्ये इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगसकट सगळं गेलं तर काय होतं याची कल्पना करा.

तिसरा गिअर
हे करून पाहिलं. सध्याचा स्विच बेल्ट आवळल्यावर बोटाच्या टोकालाच लागतो, पकडून फिरवता येत नाही. म्हणजे तो प्रत्येक परीक्षेत नापास.

उभ्या गाडीत रोज वापरायचं म्हटलं तर क्रम काय? आधी इग्निशन बंद की थेट मास्टर?

मल्टीमीटर
रोजच्या वापरात आधी इग्निशन, इंजिन थांबू दे, मग मास्टर. लॉगरला फाइल पूर्ण लिहायला काही सेकंद द्या, नाहीतर शेवटच्या लॅपचा डेटा गेला म्हणून इथेच नवा धागा काढाल. इलेक्ट्रिक वॉटर पंप असेल तर गरम इंजिनवर मास्टर लगेच मारू नका. आणीबाणीत अर्थात हे सगळं खुंटीला टांगायचं आणि सरळ मारायचं.

लालबत्ती
आणि चाचणी आयडलवर करू नका. आयडलला अल्टरनेटर अर्धमेला असतो. इंजिन आपसूक घुटमळून बंद पडतं आणि वाटतं कट-ऑफ पास झाला. ३००० आरपीएमला धरा आणि मारा.

उघडी तार
हे मात्र अगदी बरोबर. फक्त यांत्रिक स्विच असेल तर ती चाचणी बॅटरी पूर्ण चार्ज असताना आणि हेडलाइट, पंखा चालू ठेवून करा. डम्प मुख्यतः बॅटरीत जाणाऱ्या करंटवर ठरतो. भरलेली बॅटरी कमी ओढते, आणि दिवे अल्टरनेटरच्याच बाजूला राहून धक्का थोडा खातात.

तिसरा गिअर
मंडळी, आभार. ठरवलेलं सांगतो. सॉलिड स्टेट, डबा बॅटरीच्या शेजारी, कारण मागच्या बॅटरीमुळे जाड केबल डॅशपर्यंत फिरवण्यात अर्थ नाही आणि आधी इंजिन, मग बॅटरी हा क्रम मला हवाय. स्टार्टर आणि अल्टरनेटर दोन्ही डब्याच्या पलीकडच्या बाजूला. आतलं बटण मधल्या कन्सोलवर, कार्डबोर्डने जागा पक्की केली आहे. बाहेरचं विंडस्क्रीनच्या खांबाच्या पायथ्याशी, आणि त्याची तार आतल्या तारेच्या विरुद्ध बाजूने. किलचं आउटपुट इग्निशन फीडच्या रिलेला. स्पर्धेचं पूरक नियमपत्रक मागवलंय, त्यात सॉलिड स्टेटला हरकत नाही हे लेखी बघूनच ऑर्डर देईन.

एकच उरलं : अग्निशामक सिस्टिमही विजेवर सुटणारी आहे. तिचा फीड डब्याच्या कुठल्या बाजूने घेऊ?

नटबोल्ट
कुठल्याच नाही! तिला स्वतःची बॅटरी लागते, ती तिच्या कंट्रोल बॉक्समध्येच असते. मास्टर मारल्यावर अग्निशामक मेला तर काय उपयोग? बाहेरचं तिचं बटण कट-ऑफच्या शेजारी आणि खूण वेगळी, लाल काठाच्या पांढऱ्या गोलात लाल ई, गोलाचा व्यास किमान १० सेंटिमीटर. दोन्ही बटणं एकसारखी लाल घेऊ नका. घाईत मार्शलचा हात चुकला तर फोममध्ये न्हालेली धडधाकट गाडी ट्रेलरवर चढवावी लागेल.

आणि ती छोटी बॅटरी दर मोसमाला बदला, कंट्रोल बॉक्सवर टेस्टचं बटण असतं ते तपासणीआधी दाबून बघा.

तिसरा गिअर
कंट्रोल बॉक्स उघडून बघितला. आत बॅटरीच नाही, आधीच्या मालकाने तिथेही मास्टरच्या पलीकडून तार आणली आहे. चला, अजून एक दिवस गाडीखाली.